कंसातली नावं : जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना आष्टीहून खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी, जालना


मी आष्टीचा. ‘परतूर तालुक्यातली आष्टी’ असं दर वेळी सांगावं लागतं, कारण राज्यात या नावाची गावं बरीच आहेत. बीड जिल्ह्यात आष्टी हा तालुकाच आहे. वर्धा जिल्ह्यात १९४२च्या हुतात्म्यांची आष्टी आहे. गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात आणखी एक. आमच्या लहानपणी पाकिटावर जिल्हा लिहायचा राहिला की टपाल दुसऱ्याच आष्टीला जाऊन पंधरा दिवसांनी परत यायचं. तेव्हा आमचा जिल्हाही परभणी होता. जालना जिल्हा १ मे १९८१ला झाला आणि परतूर तालुका परभणीतून इकडे आला. सप्टेंबर २०२०मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला आणि गावाच्या नावाशेजारी त्या गावाचा स्वतंत्र कोड क्रमांक छापून येऊ लागला. तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. या आष्टीचा कागद आता त्या आष्टीत जाणार नाही.

हे आधीच सांगतो, कारण ‘निवृत्त कारकून आहे, संगणकाला नावं ठेवतोय’ असं पुढचं वाचताना आपल्याला वाटायला नको. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. मराठवाड्यातल्या अनेक कार्यालयांत बसलो. त्यातली बरीच वर्षं अभिलेख कक्षात गेली, म्हणजे लाल कापडाच्या रुमालात बांधलेल्या दप्तरांत, जिथे पावसाळ्यात वाळवीचा वास आधी येतो आणि वाळवी नंतर दिसते. कागदावर माझा जीव आहे, पण कागद किती लवकर मरतो हेही मी पाहिलं आहे. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली आणि फायलींच्या फायली जळाल्या. त्या रात्री बातम्या बघताना माझ्यासारख्या कित्येक कारकुनांना झोप आली नसेल. ज्याची दुसरी प्रत नाही असा कागद जळाला की त्या कागदावरच्या माणसाचा हक्कच जळतो. म्हणून दप्तर संगणकात गेलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. राज्यभर सध्या एकाच वेळी तीन कामं चालू आहेत. ई-ऑफिसवर फायली चालवायच्या, जुने अभिलेख स्कॅन करायचे, आणि ज्यांची गरज उरली नाही अशा कागदांचं निंदणीकरण करून ते नष्ट करायचे. २०२५च्या सुरुवातीला शंभर दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयांची साफसफाई आणि जुन्या दप्तरांची छाननी झाली, त्यापाठोपाठ ई-प्रशासनाचा दीडशे दिवसांचा कार्यक्रम आला. तिन्ही कामं चांगली आहेत. ती ज्या घाईने आणि ज्यांच्या हातून होतात, त्याबद्दल मला बोलायचं आहे. आपण जिल्ह्याच्या महसुलाचे प्रमुख आहात, म्हणून आपल्यालाच लिहितो.

‘निंदणी’ हा शब्द ज्याने आपल्या खात्यात आणला त्याला शेती कळत असणार. आमच्याकडे सोयाबीनमध्ये निंदायला बायका बसतात तेव्हा शेतकरी नवखी बाई एकटी बसवत नाही, जाणतीच्या शेजारची ओळ देतो. कोवळं पीक आणि कोवळं तण लांबून सारखंच दिसतं. दप्तराचंही तसंच आहे. आणि जाणती माणसं आपल्या खात्यातून दर महिन्याला एकेक करून निवृत्त होत आहेत.

आता जे सांगणार आहे ती माझ्या हातून झालेली चूक आहे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तसं तेव्हा बऱ्याच ठिकाणी होत होतं.

२००० सालानंतरच्या त्या वर्षांत हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर घ्यायचं काम चालू होतं. पानामागे पैसे मिळणारी तरुण पोरं टायपिंगला बसत. बोटं झपाझप चालायची, रोज किती पानं झाली त्याचा आकडा वर जायचा. हाताने लिहिलेला सातबारा आपण पाहिला असेलच. जागा कमी, नावं जास्त. खातेदार मेला, किंवा त्याने जमीन विकली, की त्याचं नाव खोडायचं नसतं. त्याला कंस करायचा आणि नव्या नावापुढे फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहायचा. ‘नावाला कंस झाला’ म्हणजे तो माणूस त्या जमिनीतून गेला, हे गावातल्या अडाणी माणसालाही कळतं. पण टायपिंग करणाऱ्या पोरांना ते कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांच्यातल्या काहींनी कंसासकट नाव घेतलं, काहींना कंस म्हणजे शाईचा फराटा वाटला आणि त्यांनी तो गाळला.

एका बाईंचं प्रकरण माझ्यासमोर आलं. नवरा वारला होता, त्याच्या नावाला कंस होता, आणि खाली जागा नसल्यामुळे वारस म्हणून बाईंचं आणि त्यांच्या दोन मुलींचं नाव तलाठ्याने कडेला आडवं, बारीक अक्षरात लिहिलं होतं. संगणकात काय गेलं? कंस गळाला आणि नवरा जिवंत झाला. कडेचा मजकूर दिसला नाही आणि बाई, मुली नाहीशा झाल्या. पीककर्जासाठी बँकेने संगणकाचा उतारा मागितला तेव्हा हे उघडकीला आलं. दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ आहे, लेखनप्रमाद दुरुस्तीचं. त्यासाठी अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल, नोटीस, तहसीलदारांचा आदेश, आणि मग पुन्हा फेरफार. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मृगाचा पाऊस पडत होता. नाव लागलं तेव्हा हरभरा पेरून झाला होता. त्या वर्षी त्यांनी सावकाराचे पैसे काढले.

छापलेले उतारे मूळ सातबाऱ्याशी ताडून पाहायचं काम माझ्याकडे होतं. रोजचा गठ्ठा रोज संपवायचा हुकूम होता. त्या गठ्ठ्यावर ‘तपासले’ अशी सही माझी होती. सगळी पानं मी तपासली नव्हती.

टायपिंग करणाऱ्या त्या मुलाला मी नंतर बोलावून कंस दाखवला. तो बिचारा रडवेला झाला. म्हणाला, “काका, आम्हाला हे आधी कुणी सांगितलं असतं तर...” सांगायला दहा मिनिटं लागली असती. यंत्र आणलं, विजेची सोय केली, प्रिंटर आणले, ठेका दिला, आणि दहा मिनिटं तेवढी दिली नाहीत. महोदय, माझं सगळं म्हणणं त्या दहा मिनिटांबद्दल आहे. नवी पद्धत आली की यंत्रावर खर्च होतो, कागद जाणणाऱ्या माणसाने तो यंत्र जाणणाऱ्या माणसाला समजावून सांगण्यावर होत नाही. मग त्याची किंमत कुठल्यातरी गावातली बाई भरते.

पुढे आपल्या खात्याने ही चूक दुरुस्त करायचा मोठा प्रयत्न केला, आणि तो मला अभिमानाने सांगावासा वाटतो. ई-फेरफार आलं. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळेपर्यंत तलाठ्यांना पुन्हा पुन्हा दुरुस्तीला बसवलं. आणि २०१७च्या उन्हाळ्यात चावडी वाचन झालं. संगणकातले उतारे छापून गावात आणले आणि लोकांसमोर मोठ्याने वाचले. माझ्या मते राज्यात संगणकीकरणाचं जे काही काम झालं त्यातलं हे सगळ्यांत शहाणपणाचं पाऊल होतं. चावडीत मी निवृत्त माणूस म्हणून मागे बसलो होतो. गट नंबर वाचला की लगेच आवाज यायचा. “ते क्षेत्र चुकलं, ऐंशी आर हाय, आठ न्हाई.” “आज्याचं नाव हाय, बापाचं कुठंय?” “विहिरीतला निम्मा हिस्सा आमचा, ते का लिहिलं न्हाई?” चष्मा न लावता, कागद न बघता म्हातारी माणसं चुका काढत होती. कुठल्याही ठेकेदाराच्या तपासणीत त्या निघाल्या नसत्या. कागदाची दुसरी प्रत गावाच्या डोक्यात असते, ती त्या दिवशी उघडली.

१ मे २०१८ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. आता पंधरा रुपयांत तो घरबसल्या निघतो आणि त्यावर सही-शिक्का घ्यायला तलाठी कुठे आहेत हे शोधत फिरावं लागत नाही. परतूरला बाजाराच्या दिवशी दिवसभर ताटकळलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून या पंधरा रुपयांची किंमत मला कळते. नव्या नमुन्यात मयत खातेदाराच्या नावाला कंसाऐवजी आडवी रेघ मारलेली येते. नव्या पोराला कंस कळणार नाही, रेघ कळेल, असा विचार कोणीतरी केला असणार. तो कोणी केला मला माहीत नाही, पण त्याला माझा नमस्कार पोचावा.

मात्र ते चावडी वाचन झालं फक्त सातबाऱ्याचं. फेरफार नोंदवही, जुनी पाहणीपत्रकं, खासरा, कुळांच्या नोंदी, संपादनाच्या फायली यांचं स्कॅनिंग होतं तेव्हा त्यांचं वाचन कोणी कोणासमोर करत नाही.

मराठवाड्यात हे काम जास्त जिकिरीचं आहे, आणि बाहेरून आलेल्या कंपनीला ते का जिकिरीचं आहे हे सांगणं आपलं काम आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळचं महसुली दप्तर उर्दूत आहे, काही मोडीत आहे. तारखा फसली सनात आहेत. फसली सनात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन निघतो. म्हणजे कागदावर १३४७ लिहिलं असेल तर ते १९३७-३८च्या आसपासचं. मी नोकरीला लागलो तेव्हा अभिलेख कक्षात एक वयस्क मुन्शीजी होते. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली. त्यांनी मला उर्दू आकडे, महिन्यांची नावं आणि दप्तराचे मथळे वाचायला शिकवले. दुपारच्या डब्याच्या वेळेत, रोज थोडं थोडं. उर्दू मजकूर मला आजही भराभर वाचता येत नाही, पण कुठला कागद कशाचा आहे एवढं कळतं. ते शिकवणं कुठल्याही प्रशिक्षण कार्यक्रमात नव्हतं. त्यांनी आपणहून दिलं म्हणून माझ्यापर्यंत आलं.

अशा कागदाची किंमत काय असते हे आपल्या जिल्ह्याला कोणी सांगायला नको. २०२३च्या ऑगस्टअखेर अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि निजामकालीन कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली दप्तरं उघडली गेली. शाळांची जुनी रजिस्टरं, जन्ममृत्यूच्या नोंदी, महसुली कागद. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत प्रशासन फिरत होतं. राज्यभरात पन्नास लाखांहून जास्त नोंदी सापडल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचं काय मत असेल ते असो, इथे तो विषय नाही. त्या धांदलीत मला एकच गोष्ट दिसत होती. ज्या रुमालांना चाळीस वर्षं कोणी हात लावला नव्हता, ‘जुनं, निरुपयोगी’ म्हणून जे कधीही निंदणीत गेले असते, त्यांच्यावर लाखो घरांचं भवितव्य येऊन थांबलं होतं.

आणि आमच्या आष्टीचं तर आणखी एक. १९८१आधीचे आमचे जिल्हास्तरावरचे कागद परभणीच्या दप्तराशी जोडलेले आहेत. हे ज्याला माहीत नाही तो जालन्यात शोधतो, सापडत नाही, आणि ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी देतो. त्या एका ओळीने दावा बुडतो. परतूर आणि मंठा तालुक्यांतली जमीन निम्न दुधना प्रकल्पात गेली, आता जालना–नांदेड द्रुतगती मार्गासाठी संपादन आहे. मोबदला कोणाला, किती, हे ठरताना दोन पिढ्यांपूर्वीचा फेरफार लागतो. म्हणून स्कॅन करताना प्रत्येक कागद आधी कुठल्या जिल्ह्याचा होता हे लिहिलं गेलं पाहिजे. स्कॅनिंगच्या यंत्राला हे आपोआप कळत नाही.

सूचीबद्दल दोन शब्द. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५चा. त्याचं कलम ४ पहिल्याच पोटकलमात सांगतं की अभिलेखांची रीतसर वर्गवारी आणि सूची करा, आणि शक्य ते संगणकावर घ्या. क्रम तिथेच आहे, आधी सूची, मग संगणक. सूचीशिवाय स्कॅन केलेला गठ्ठा हा अंधाऱ्या खोलीतल्या गठ्ठ्यापेक्षा वाईट. गठ्ठ्यात निदान हात घालून कागद उलटता येतो. संगणकात ‘स्कॅन ४५७’ नावाची फाईल कोण उघडून बघणार?

हे सगळं आपल्या राज्याला नवं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द आमच्या पिढीच्या प्रत्येक कारकुनाला पाठ आहे. तेव्हा ना संगणक होता ना स्कॅनर. त्यांनी टेबलं हलवली, दप्तर खाली उतरवलं, आणि कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी लावली. ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षांचे, ‘क’चे त्याहून कमी, ‘ड’ वर्षभरात नष्ट करायचे. प्रत्येक कारकुनाच्या टेबलावर सहा गठ्ठे. चालू प्रकरणं एकीकडे, उत्तराची वाट पाहणारी दुसरीकडे, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे, नाश करायचे. ती पद्धत राज्यभर गेली. मी आयुष्यभर त्या सहा गठ्ठ्यांनी काम केलं आणि माझ्या टेबलावरचा कागद हरवला नाही.

लखिनांची पद्धत टिकली याचं कारण मला असं वाटतं की ती कारकुनाच्या टेबलापासून सुरू झाली. गठ्ठा कारकुनाचा, तो बांधायचाही त्याने, आणि सकाळी आल्यावर त्याचाच वेळ वाचायचा. नवी पद्धत आपल्याला त्रास द्यायला आलेली नाही हे त्याला पहिल्या आठवड्यात हाताला जाणवायचं. ई-ऑफिसबद्दल आज किती कारकुनांना असं वाटतं, हे आपण एकदा विचारून बघा. साहेबांसमोर विचारू नका. चहाच्या टपरीवर विचारा.

मी विचारलं आहे. दुहेरी कामाचा त्रास सगळ्यांत मोठा. फाईल संगणकावरही चालवायची आणि ‘असू दे’ म्हणून कागदावरही. नोंद रजिस्टरलाही आणि संगणकातही. वरचा अधिकारी म्हणतो, मला प्रिंट काढून आण. मग कारकून मनात म्हणतो, हे सगळं नाटक आहे, आणि एकदा त्याला तसं वाटलं की संगणकातली नोंद तो उरकतो, लिहीत नाही. शेजारच्या कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्प आला तेव्हा त्यांनी एक गोष्ट ठामपणे केली. संगणकाचा उतारा सुरू झाला त्या तालुक्यात हाताने लिहिलेला उतारा बंद केला. तपासणी पूर्ण झाल्यावरच बंद केला, पण केला. आपल्याकडे दोन्ही गोष्टी अर्धवट राहतात. तपासणी होण्याआधी कागद बाजूला टाकतो, आणि तपासणी झाल्यावरही रजिस्टर सोडवत नाही. दोन्ही पद्धती बरोबर चालवायच्या असतील तर अवश्य चालवा, मात्र शेवटची तारीख आधी जाहीर करा आणि त्या तारखेनंतर साहेबांनीही प्रिंट मागू नये.

दुसरं, लॉगिन. डिजिटल सहीचं डोंगल हे अधिकाऱ्याच्या अंगठीसारखं आहे, ते दुसऱ्याच्या बोटात असता कामा नये. पण कामाचा ताण, नेट बंद, सर्व्हर डाऊन, रात्री अकराला जरा वेग येतो, तेव्हा कोणीतरी मदतनीस बसतो आणि डोंगल त्याच्या हातात जातं. मी कोणाला दोष देत नाही, एका तलाठ्याकडे तीन-तीन सजांचा भार असतो. तरीही आपल्याच जिल्ह्यात, अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, अतिवृष्टीच्या अनुदान वाटपात जो गैरप्रकार झाला तो सगळ्यांनी वाचला आहे. चौकश्या झाल्या, निलंबनं झाली. अशा प्रत्येक चौकशीत पहिला प्रश्न एकच असतो: यादी कोणाच्या लॉगिनमधून गेली? जुन्या काळी खोटी नोंद करायला शाई बदलावी लागायची, अक्षर ओळखू यायचं. संगणकात सगळ्यांचं अक्षर सारखं. म्हणून पासवर्ड कोणाला देऊ नये असं परिपत्रक काढून भागणार नाही. पासवर्ड द्यावा लागू नये इतका माणसांचा आणि वेळेचा बंदोबस्त करावा लागेल.

ई-पीक पाहणीचंही थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट २०२१पासून शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून पिकाची नोंद करायची. कल्पना उत्तम, आपलं पीक आपणच लिहिणार. माझ्या शेजारच्या सत्तरीतल्या शेतकऱ्याकडे मात्र साधा फोन. त्याची नोंद गावातलं एक पोरगं करतं, कापसाच्या जागी कधी तूर लागते, आणि खरेदी केंद्रावर अडतं. पुढे मदतीला सहायक दिले गेले, चांगलं झालं. ते पहिल्या दिवशी द्यायला हवे होते.

आता मागणं.

जिल्ह्यात जिथे जुन्या दप्तराचं स्कॅनिंग किंवा निंदणीकरण चालू आहे तिथे प्रत्येक टेबलाशी एक जाणता माणूस बसवा. तो नोकरीतला असेल तर उत्तम. नसेल तर आम्ही निवृत्त आहोत. प्रत्येक तालुक्यात माझ्यासारखे चार-दोन जण निघतील, ज्यांना सेतवार म्हणजे काय, खासरा म्हणजे काय, वर्तुळातला आकडा कशाचा, हे सांगता येईल. उर्दू जाणणारे शिक्षक परतूरमध्ये आहेत, जालन्यात आहेत. त्यांना मानधन द्या, मान द्या. टायपिंग आणि स्कॅनिंग करणाऱ्या मुलामुलींना पानामागे पैसे देऊ नका. दिवसाचे द्या. पानामागे पैसे दिले की कडेचा बारीक मजकूर कोणी वाचत नाही, हे मी माझ्या सहीने शिकलो आहे.

नष्ट करायच्या कागदांची यादी आधी गावाला दाखवा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर महिनाभर लावा. कोणी हरकत घेतली तर तो कागद थांबवा. एका कपाटाची जागा वाचली नाही तरी चालेल.

स्कॅन झालं म्हणून मूळ फेकू नका, निदान निजामकाळाचं आणि खासऱ्याचं तरी नको. स्कॅन धूसर आलं असेल तर पुन्हा काढायला मूळ लागतं, न्यायालयात शंका आली तर मूळ लागतं. छत गळत नाही अशी एक खोली पुरे आहे.

आणि चावडी वाचन पुन्हा सुरू करा. या वेळी फेरफारांचं आणि जुन्या नोंदींचं. एका गावापासून सुरू करा. हवं तर आष्टीपासूनच करा. गाव मोठं आहे, जमिनीचे वाद बरेच आहेत, आणि १९८१च्या आधीचं परभणीचं दप्तर इथे लागतंच. ज्या कारकुनाने आणि ज्या मुलाने ते कागद संगणकात घेतले ते दोघे त्या दिवशी चावडीत हजर असू द्या. चूक निघाली तर त्यांना रागावू नका, तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावा. आपण लिहिलेल्या नावाचा माणूस समोर बसलेला पाहिला की पुढच्या पानाला हात सावकाश चालतो.

आपण बदलून जाल, आपल्या जागी दुसरे जिल्हाधिकारी येतील, हे मला माहीत आहे. म्हणून यातलं जे आपल्याला पटेल ते आपल्या सहीच्या आदेशात लिहून स्थायी आदेशांच्या गठ्ठ्यात ठेवा, म्हणजे ते पुढच्यांना सापडेल.

मी आष्टीतच असतो. डोळे बरे आहेत, उर्दू आकडे अजून वाचता येतात. वाचनाची तारीख कळवा. आदल्या संध्याकाळी कळवलंत तरी मी सकाळी चावडीत येऊन बसेन.

आपला,
आष्टी (ता. परतूर) येथील एक निवृत्त अव्वल कारकून